अकरा हजार गुणांचे सर

तामलवाडीच्या फाट्यावर एक म्हातारबाबा एसटीची वाट बघत उभे होते. आमचे सर तिथं पोचले तसं बाबांनी विचारलं, "सायब, तुळजापूरची गाडी गेली का हो?"

सरांनी त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही स्वतः आधी काय प्रयत्न केलात?"

बाबा गोंधळले. "प्रयत्न म्हंजी? फाट्यावर यिऊन हुभा ऱ्हायलो की."

"ते पुरेसं नाही. आधी वेळापत्रक बघायचं. मग हाच प्रश्न अगोदर कुणी विचारलाय का ते शोधायचं. आणि तरी उत्तर नाही मिळालं, तर मग विचारायचं."

बाबांनी थोडा विचार केला आणि टपरीवाल्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "ह्ये कुणाचं हाय रं? कापडावरनं तर चांगल्या घरचं दिसतंय."

ही गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. मी सरांच्या शेजारी त्यांची बॅग धरून उभा होतो. लाज लई वाटली, पण बॅग काही खाली ठेवली नाही. माझ्या एकूण नोकरीचं वर्णन एवढ्यात होतं.

मी आपल्या जिल्ह्यातल्या एका डिप्लोमा कॉलेजात संगणक विभागाचा प्रयोगशाळा सहायक. कॉलेजातले सगळे मला मामा म्हणतात. प्राचार्य म्हणतात, पोरं म्हणतात, सरही म्हणायचे. सर विभागप्रमुख. माझा वार्षिक गोपनीय अहवाल त्यांच्या हातात, आणि प्रिंटरमधला अडकलेला कागद माझ्या हातात, अशी आमची कामाची वाटणी होती.

सरांची सगळी गंमत समजायची तर आधी ती साइट समजून घ्यावी लागेल. जगभरातले प्रोग्राम लिहिणारे लोक अडले की तिथं प्रश्न टाकतात आणि दुसरे उत्तरं देतात. उत्तर आवडलं की वाचणारे मत देतात. एका मताचे दहा गुण. आवडलं नाही तर उलटं मत, त्याचे दोन गुण वजा. मत कुणी दिलं ते दिसत नाही. या गुणांचं बाजारात काही येत नाही. आमची ही एकदा म्हणाली, "मग ते नेमकं करतात काय त्या गुणांचं?" मी म्हटलं, बघत बसतात.

सरांच्या केबिनच्या दारावर नावाची पाटी होती. नावाखाली पदवी, आणि पदवीखाली खिळ्याला टांगलेली एक छोटी दगडी पाटी. तिच्यावर सरांचे आजचे गुण. रोज सकाळी ओल्या फडक्यानं कालचा आकडा पुसून नवा लिहायचा, हे काम माझं. ढोकीहून आलेल्या एका पालकानं तो आकडा वाचून मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मामा, नऊ हजार खोल्या हायत व्हय तुमच्या कॉलेजात?" मी म्हटलं, "न्हाय, सात हायत. ह्ये सरांचं हाय." त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण आत गेल्यावर ते खुर्चीवर बसले नाहीत.

आता एखाद्याला गुण जमवायचा नाद असला तर असू दे. कुणी कबुतरं पाळतं. पण सरांनी वर्गात उत्तरं देणंच बंद केलं होतं. पोरानं हात वर केला की सर म्हणायचे, "इथं नको. तिथं टाक." पोरगं बिचारं प्रयोगशाळेत येऊन, शब्दाला शब्द जोडून, इंग्रजीत प्रश्न टाकायचं. सर दहा पावलांवरच्या केबिनमधून त्याला तिथं उत्तर द्यायचे. आणि तेही प्रश्न चांगला असला तर. बहुतेकदा सर त्याला उलटं मत देऊन प्रश्न बंद करून टाकायचे: भाषा अशुद्ध, किंवा आधी विचारला गेला आहे, किंवा नुसतंच अस्पष्ट. पोरगं भिंतीपलीकडून ते वाचायचं आणि मला विचारायचं, "मामा, सर आत हायत का?" मी म्हणायचो, "हायत, पण तुला न्हायत."

मी एकदा सरांना विचारलं होतं, "सर, तोंडी सांगितलं तर दोन मिनिटांत झालं असतं की."

"झालं असतं, मामा. पण वर्गात सांगितलेलं उत्तर हवेत जातं. त्याची नोंद कुठं?"

मलाही चेव आला. मीही एक खातं काढलं आणि आमच्या प्रिंटरबद्दल एक प्रश्न टाकला. चार मिनिटांत तीन उलटी मतं. संध्याकाळी सर स्वतः माझ्या टेबलाशी आले, खांद्यावर हात ठेवला. "मामा, त्यातलं एक माझं आहे. मनाला लावून घेऊ नका, तत्त्वाचा प्रश्न आहे." माझा गुण एक होता तो एकच राहिला, कारण त्या साइटवर एकाच्या खाली जायची सोय नाही. असती तर मी गेलो असतो.

सरांचा एक वैरीही होता. पोलंडमधला कुणीतरी. सर उत्तर लिहीत असले की बरोबर अर्धा मिनिट आधी त्याचं उत्तर पडायचं. सर त्याच्याबद्दल बोलायचे ते आपल्याकडं बांधाच्या शेजाऱ्याबद्दल बोलतात तसं. "काल परत आला माझ्यात," म्हणायचे. एकदा प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नात, अक्षता पडायच्या वेळेला, सर मांडवाच्या कडेला फोनवर अंगठा चालवत उभे होते. अक्षता माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणाले, "माझ्याही टाका. पोलंडवाला ऑनलाइन आलाय."

आता आमच्या थोरलीकडं येतो. वैष्णवी आमच्याच विभागात शिकत होती. बाप मामा असलेल्या कॉलेजात शिकायचं म्हणजे पोरीला काय वाटत असेल ते मी कधी विचारलं नाही. आम्ही दोघं एकाच स्कूटरवर जायचो यायचो, म्हणून कॉलेज सुटल्यावर मी कुलपं लावीपर्यंत ती कोपऱ्यातल्या मशीनवर बसून राहायची. पहिल्या वर्षी तिनंही एक प्रश्न टाकला होता. तारखांचा काहीतरी घोळ होता, एका देशातली तारीख दुसऱ्या देशात गेली की एक दिवस मागं पडत होती. सरांनी तो अकरा मिनिटांत बंद केला. ती रडली नाही, भांडली नाही. आठवडाभर बसून तिनं तो घोळ स्वतः सोडवला, आणि मग जगात ज्याचा ज्याचा तारखेचा घोळ झाला होता त्याला उत्तर द्यायला लागली. टोपणनावानं. दीड वर्षात तिचे आठशे चाळीस गुण झाले. मला ते तिनं सांगितलं नव्हतं. पुण्याच्या एका छोट्या कंपनीचा फॉर्म भरताना मी पाठीमागून वाकून बघितलं तेव्हा कळलं. फॉर्मवर विचारलं होतं, तुम्ही स्वतः केलेलं काही दाखवा. तिनं त्या खात्याचा पत्ता दिला.

कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. डिप्लोमाच्या साठ टक्केवाल्या पोरीला पुण्याहून कोण बोलावतं? पण त्यांनी लिहिलं होतं, तुमची तारखांवरची उत्तरं आमच्या माणसांनी वाचली आहेत, पुढच्या महिन्यात या. आमच्या हिनं ते पत्र मोबाइलवरच तीनदा वाचलं आणि फोन देवापुढं ठेवला. बॅटरी संपेपर्यंत तो तिथंच होता.

आणि नेमके त्याच महिन्यात सर अकरा हजारांच्या नादाला लागले. नऊ हजार एकशे चाळीसवर येऊन आकडा अडकला होता. पोलंडवाला अकरा हजारांवर होता. सत्र संपत आलेलं. डिप्लोमा केलेल्यांना सांगायला नको, सत्र संपताना पोराच्या आयुष्यात एकच गोष्ट असते ती म्हणजे जर्नलवर सही. सही नाही तर तोंडी परीक्षेला बसता येत नाही, आणि बसता आलं नाही तर वर्ष गेलं.

सर वर्गात आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ज्यांना जर्नलवर सही हवी आहे, त्यांनी माझी तीन उत्तरं वाचावीत. पटली तर मत द्यावं. पटली तर! जबरदस्ती नाही." मग चष्मा पुसत पुढं म्हणाले, "ज्यांना पटणार नाहीत त्यांनी जर्नल पुढच्या सत्रात आणावं."

एकच गुण असलेल्या खात्याला तिथं मत देता येत नाही, आधी थोडे गुण गाठीला लागतात. म्हणून सरांनी सकाळच्या तासाला प्रत्येकाकडून एकेक प्रश्न टाकून घेतला आणि स्वतःच सगळ्यांना सुलटी मतं दिली. नऊ वर्षांत सरांनी दुसऱ्याला दिलेली ती पहिली सुलटी मतं. दुपारच्या तासाला पोरं रांगेनं मशीनवर बसली. फळ्यावर तीन उत्तरांचे पत्ते लिहायचं काम माझं. हजेरीचा कागद घेऊन, कुणाचं मत झालं त्याच्या नावापुढं खूण करायचं कामही माझंच. कागदाखाली सरांनी सही केली होती, कारण सरांना प्रत्येक गोष्टीची नोंद लागायची.

बासष्ट पोरं. एकसष्ट जणांनी पटापट दाबलं. वैष्णवी मशीनवर नुसती बसून होती. मी जवळ गेलो.

"काय झालं?"

"बाबा, ह्ये नियमात बसत न्हाय. आणि दुसरं उत्तर चूकच हाय."

"तुला काय करायचंय चूक-बरोबर? सही घे आणि मोकळी हो."

"पकडलं तर?"

"कोण पकडतंय इथं? तीन बटणं दाबायची तर हायत."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तीन बटणं दाबली. मी तिच्या नावापुढं खूण केली. हजेरीच्या कागदावर माझ्या हातानं केलेल्या सगळ्या खुणांत ती सगळ्यात ठळक आली होती, कारण पेन तिथं जरा जोरात टेकलं गेलं.

बासष्ट जणांची तीन-तीन मतं, म्हणजे अठराशे साठ गुण. दगडी पाटीवर मी अकरा हजार लिहिलं. सरांनी पेढे वाटले. पेढा खाल्ला की नाही हे मला आता आठवत नाही असं लिहिणार होतो, पण खाल्ला. दोन खाल्ले.

चौथ्या दिवशी सगळं गेलं. एकाच कॉलेजातून, एकाच इंटरनेटवरून, एका तासात, एकाच माणसाला मतं. त्या साइटवाल्यांना हे ओळखायला फार डोकं लावावं लागलं नसणार. आमच्या इथं मात्र कुणाच्या ते डोक्यात आलं नव्हतं. पोरांची खाती पुसली गेली. सरांची मतं परत घेतली, खातं सहा महिन्यांसाठी गोठवलं, आणि गोठवलेल्या खात्यावर गुण दाखवतात एक. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा माझे आणि सरांचे गुण सारखे झाले.

सर कॉलेजात आले ते दाढी न करता. प्राचार्य घाबरून केबिनमध्ये धावले. "सर, घरी कुणाला काही?"

"नऊ हजार एकशे चाळीस गेले," सर म्हणाले.

प्राचार्यांनी लगेच खिशातून फोन काढला. "बँकेत आधी कळवा! तुम्ही कुणाला ओटीपी दिला होता का?"

मी हसलो. दुपारपर्यंत हसत होतो. दुपारी वैष्णवीनं तिचं खातं दाखवलं. गोठवलेलं. गुण: एक. खाली एक ओळ, संगनमतानं मतदान केल्यामुळं. मुलाखत पुढच्या शुक्रवारी होती, आणि मुलाखत घेणाऱ्यांकडं याच पानाचा पत्ता होता.

घरी मी झालेलं सांगितलं. आमच्या हिनं सगळं ऐकून घेतलं. त्या साइटचं तिला काही कळलं नाही, पण तिनं बरोबर एकच प्रश्न विचारला. "मत दे म्हणून तिला कुणी सांगितलं होतं?"

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, वैष्णवीचं खातं पण बंद झालंय."

"सगळ्यांचीच झालीत, मामा."

"बाकीच्यांची नावापुरती होती. हिचं दीड वर्षाचं हाय. पुण्याच्या लोकांनी त्ये बघूनच बोलावलंय. शुक्रवारी मुलाखत हाय."

"किती होते?"

"आठशे चाळीस."

सर खिन्न हसले. "आठशे. माझे नऊ हजार होते, मामा."

"तुम्ही फकस्त त्या साइटवाल्यांना एवढं कळवा सर, की मत द्यायला तुम्ही सांगितलं होतं. सहीसाठी. तिचा त्यात काही हात न्हाय."

"मी सांगितलं नव्हतं. मी पटली तर म्हटलं होतं." मग सरांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. "आणि अर्ज मी लिहितोच आहे. कालपासून त्यावरच बसलोय."

माझ्या जिवात जीव आला. सरांनी मला तो मराठीत समजावून सांगितला. सहा परिच्छेद होते, क्रमांक घालून. ग्रामीण भागात एकाच इंटरनेटवर साठ पोरं कशी बसतात, विद्यार्थ्यांचं गुरूवर उत्स्फूर्त प्रेम कसं असतं, पोलंडमधल्या एका सदस्याच्या मतांचीही तपासणी कशी व्हायला हवी. मी शेवटपर्यंत वाट बघितली.

"आणि पोरीचं, सर?"

"एका अर्जात दोन प्रश्न विचारू नयेत, मामा. तिथला नियम आहे. अर्ज विस्कळीत होतो."

"मग दुसरा लिहा की."

"लिहू. याचा निकाल लागला की लिहू."

या माणसाची बॅग मी अकरा वर्षं धरली होती.

त्या संध्याकाळी कुलपं लावायच्या आधी मी कोपऱ्यातल्या मशीनवर बसलो. वैष्णवी म्हणाली, "तुमचं तुम्ही लिहा बाबा. मी हात लावला तर त्यांना वाटंल मीच लिहिलं." माझं इंग्रजी रजेच्या अर्जापुरतं. म्हणून साइटवाल्यांना मी तसंच लिहिलं. महोदय, सविनय विनंती की. पुढं लिहिलं की मी या प्रयोगशाळेचा सहायक, फळ्यावर पत्ते मी लिहिले, खुणा मी केल्या, या मुलीनं नको म्हटलं होतं आणि मी, तिचा बाप, तिला दाब म्हणालो. सोबत हजेरीच्या कागदाचा फोटो जोडला, माझ्या खुणा आणि सरांच्या सहीसकट. शेवटी आपला आज्ञाधारक. बटण दाबताना मला माझा गोपनीय अहवाल डोळ्यांपुढं दिसत होता. पण मत देताना पोरीला तीनदा दाबायला लावलं होतं. मला तर एकदाच दाबायचं होतं.

गुरुवारी दुपारी तीन ओळींचं उत्तर आलं. तिचं खातं मोकळं केलं. ती तीन मतं रद्द, बाकी सगळं जसंच्या तसं. शेवटच्या ओळीत माझे आभार मानले होते, ते वाचून मला जास्तच लाज वाटली.

शुक्रवारी ती पुण्याला गेली, आणि पावसाळ्यात नोकरीवर रुजू झाली. मुलाखतीत अर्धा तास तारखांवरच बोलणं झालं म्हणे. माझ्या अहवालात त्या वर्षी "काम समाधानकारक, विश्वासार्हता मध्यम" असा शेरा आला. मध्यम म्हणजे सरांच्या मानानं दिलदारीच.

सहा महिने झाले आणि सरांचं खातं उघडलं. जुने गुण त्यांना परत मिळाले, पण दगडी पाटी त्यांनी स्वतःच काढून ठेवली होती. सर पुन्हा उत्तरं द्यायला लागले. कुणी फिरकेना. पोलंडवाला वेगानं पुढं निघून गेला होता. एक दिवस माझ्या टेबलाशी आले, म्हणाले, "परवा एक उत्तर टाकलंय मामा. दोन दिवस झाले. एक मत नाही." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. संध्याकाळी वैष्णवीचा फोन आला तेव्हा मी मीठमसाला लावून तिला ते सांगितलं. हसेल म्हणून.

ती हसली नाही. "कशावर लिहिलंय?" म्हणाली. मी सांगितलं. थोडा वेळ फोनवर नुसता कीबोर्डचा आवाज.

"बाबा, लई चांगलं लिहिलंय त्यांनी. आमच्या ऑफिसात परवा ह्येच अडलं होतं. दिलं मी मत."

"त्यांला? तू?"

"उत्तराला दिलं, बाबा. त्यांना कुठं दिलंय?"

मला राग आला, तो रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला.

सकाळी सर प्रयोगशाळेत शिरले ते फोन पुढं धरूनच. "मामा, दहा आले! हे मत बघा, हे काही असंतसं मत नाही. हा विषय शंभरात दोघांना कळतो. अमेरिकेतला कुणी असणार. आपल्याकडच्या पोरांना एवढं कुठलं कळायला?"

अकरा वर्षं मी याला व्हय सर म्हणत आलो होतो. त्या दिवशी तोंडातून वेगळंच निघालं.

"आपल्याकडचीच पोरगी हाय, सर. आमची वैष्णवी."

सर थांबले. फोन खाली आला. काहीतरी म्हणतील असं मला वाटलं; निदान तिची विचारपूस तरी करतील. सरांच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी मागं वळून दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मग मामा, हे दहा परत तर नाही ना घेणार?"

"न्हाय सर," मी म्हटलं. "ह्ये खरं हाय. ह्ये ऱ्हाईल."